विधिसाहाय्य
वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या व्यक्तीस न्यायालयात आपली बाजू मांडता यावी, म्हणून शासकीय खर्चाने दिली जाणारी मदत. तीत वकिलाची नेमणूक, न्यायालयीन शुल्क व कागदपत्रांच्या प्रती यांवरील खर्च अंतर्भूत होतो.

भारतीय संविधानात बेचाळिसाव्या दुरुस्तीने (१९७६) अनुच्छेद ३९ अ समाविष्ट झाला. तथापि तो निदेशक तत्त्वांपैकी असल्याने केवळ त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नव्हती. हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने हे साहाय्य अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग ठरविले.

तरीही ज्यास आपला हक्क ठाऊक नाही, तो त्याची मागणी करीत नाही, ही अडचण उरलीच. अरुणाचल प्रदेशातील सुकदास या शासकीय कर्मचाऱ्यास वकिलाविना खटला चालवून शिक्षा झाली होती. त्याने वकिलासाठी अर्ज केला नव्हता, या कारणास्तव उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली (१९८६) व आरोपीस या हक्काची माहिती देणे हे खटला चालविणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले. विधिसाहाय्याच्या इतिहासात हा निर्णय सर्वांत व्यवहार्य म्हणावा लागेल.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. त्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्‌ग्रस्त व अटकेतील व्यक्ती यांस उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी ती राज्यपरत्वे भिन्न आहे. उत्पन्नाबाबत सामान्यतः प्रतिज्ञापत्र पुरेसे असते. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडेही करता येतो. मात्र प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य असल्याची प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते.