बिनटपाच्या गाडीतून लगुना सेका

सकाळचे सात वाजले होते. मॉन्टेरेच्या उपसागरावरून आलेलं धुकं टेकड्यांना चिकटून बसलेलं. गाड्या तपासणारे गृहस्थ माझ्या लाल माझदा मियाटापाशी आले ते हातात झाडूचा दांडा घेऊन. टप खाली केलेला होता. ‘हेल्मेट घाला, पट्टा आवळा आणि नेहमी बसता तशा बसा,’ ते म्हणाले. मग दांड्याचं एक टोक सीटमागच्या रोल बारवर आणि दुसरं समोरच्या काचेच्या चौकटीवर टेकवून त्यांनी खाली वाकून पाहिलं. दांडा आणि हेल्मेट यांच्यात दोन इंच, म्हणजे पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. हेल्मेट दांड्याला लागलं, तर त्या दिवशी गाडी ट्रॅकवर जात नाही.

घरी गॅरेजमध्ये आम्ही हीच परीक्षा घेतली होती. नवऱ्याने फरशी पुसायच्या मॉपचा दांडा धरला आणि माझं हेल्मेट त्याला सरळ टेकलं. मग सीटचं कव्हर काढून आतला फोम थोडा थोडा कापत गेलो. तीन वेळा बसले, तीन वेळा उठले, तेव्हा कुठे जागा मिळाली. म्हणून आज तपासनीसांनी मान डोलावून काचेवर छोटा स्टिकर लावला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

बंद गाडी उलटली तर टप आणि त्याचे खांब भार झेलतात. उघड्या गाडीत ते काम चालकाचं डोकं करणार, नाहीतर रोल बार. पहिल्या पिढीच्या मियाटात सीटमागे कंपनीने आधाराचं काहीच दिलेलं नव्हतं. पुढे काही उघड्या गाड्यांत डोक्यामागे ऐटदार कमानी आल्या. पण त्यांतल्या कित्येक निव्वळ शोभेच्या असतात. म्हणून जाड पोलादी नळीचा, गाडीच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळलेला बार लागतो. उघड्या गाडीवर हौसेचे पैसे खर्च करायचे असतील, तर पहिला खर्च हाच करावा. चाकं, सायलेन्सर, रंग, सगळं त्याच्यानंतर.

हेल्मेटचंही तसंच. मोटरसायकलचं हेल्मेट कितीही महागडं असलं तरी काही ठिकाणी चालत नाही. कारच्या शर्यतींसाठीच्या हेल्मेटचं अस्तर आग सहज पकडणार नाही असं असतं. हेल्मेटना प्रमाणपत्रं देणारी स्नेल फाउंडेशन ही संस्था पीट स्नेल या चालकाच्या नावाने आहे. १९५६ साली शर्यतीतल्या अपघातात हेल्मेट त्याला वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी त्याच्या मित्रांनी ही संस्था उभी केली.

लगुना सेका या ट्रॅकचा जन्मही त्याच दोन वर्षांतला आहे. शेजारच्या पेबल बीचमध्ये तेव्हा झाडीतल्या अरुंद रस्त्यांवर शर्यती व्हायच्या. १९५६ मध्ये अर्नी मॅकफी या चालकाची फेरारी झाडावर आदळली आणि तो गेला. त्या रस्त्यांवरच्या शर्यती तिथेच थांबल्या. गावकऱ्यांनी मग फोर्ट ऑर्ड या लष्करी छावणीची जमीन भाड्याने घेऊन ट्रॅक बांधला आणि ९ नोव्हेंबर १९५७ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. स्पॅनिशमध्ये लगुना सेका म्हणजे कोरडं तळं. लांबी ३.६ किलोमीटर, वळणं अकरा. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेच्या उंचीत ५५ मीटरचा फरक. आजूबाजूला वस्ती असल्याने आवाजावर मर्यादा आहे, बऱ्याच दिवशी ९० डेसिबलची, आणि ट्रॅकच्या कडेला बसून माणसं ती मोजतात. माझ्या गाडीला त्याची चिंता नव्हती.

या गाडीची गोष्ट सांगायलाच हवी. १९७९ मध्ये बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतो यांना सुचवलं, की जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ती शिकागोच्या प्रदर्शनात अवतरली. प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी एक जपानी शब्द धरून ठेवला होता, जिन्बा इत्ताई. घोडा आणि स्वार एकजीव. वजन साधारण एक टन, इंजिन बेताचं, ताकद मागच्या चाकांना. टप काढला की गाडीचं अंग झाकण नसलेल्या खोक्यासारखं पिळवटतं, हा उघड्या गाड्यांचा जुना दोष. माझदाने तळ मजबूत केला आणि गियरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट टाकली. त्यामुळे ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की मधे कुठेही ढिलाई जाणवत नाही. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कोणत्याही गाडीचा झालेला नाही.

मी सांगलीत प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकले. तिचा गियर स्टिअरिंगलगत होता आणि ब्रेक लागायला बाबांच्या भाषेत ‘आधी अर्ज करावा लागे’. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हे मी त्यांना फोनवर तीनदा समजावलं. इथे घड्याळ नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. वीस-पंचवीस मिनिटांची एकेक पाळी. नवशिके, मधले आणि मुरलेले असे गट वेगळे. नवशिक्याच्या शेजारी इन्स्ट्रक्टर बसतो, म्हणून बार आणि पट्टे दोन्ही सीटना सारखेच लागतात. ओव्हरटेक ठरलेल्या सरळ भागातच, आणि तोही पुढच्या चालकाने हात बाहेर काढून ‘या बाजूने जा’ अशी खूण केल्यावर. मागचा कितीही वेगात असो, खूण होईपर्यंत थांबतो. आपल्या घाटात हा एकच नियम आला, तर किती जीव वाचतील!

विम्याचं मात्र आधी बघावं. रोजची पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरून देत नाही. एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो.

माझ्या इन्स्ट्रक्टर बाई साठीच्या होत्या. पहिल्या पाळीत त्या एकच वाक्य बोलत राहिल्या, ‘नजर उचल.’ नवशिका बॉनेटच्या पुढचे दहा मीटर बघतो आणि हात नजरेमागे जातात. वळणात शिरण्याआधीच त्याच्या आतल्या कडेकडे बघायचं आणि तिथे पोचण्याआधी नजर बाहेर पडायच्या जागेवर न्यायची. इथे टप नसण्याचा मोठा फायदा होतो. दुसऱ्या वळणावर रस्ता जवळजवळ मागे फिरतो. बंद गाडीत तिथे खांब आडवा येतो, मला सगळं वळण समोर दिसत होतं. मागच्या टायरचा आवाजही थेट कानावर येतो. आधी गुणगुण, मग कुरकुर, आणि किंचाळला की समजायचं, आता पकड संपत आली.

दुसरा धडा पायाचा. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गिरकी घेते. ब्रेक सरळ रस्त्यावर मारून घ्यायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा. गिरकी बसलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबायचे.

आठव्या वळणाला कॉर्कस्क्रू म्हणतात. चढ चढून वर यावं तर पुढचा रस्ता नाहीसा होतो. समोर फक्त आभाळ आणि झाडांचे शेंडे. ब्रेक तिथेच, आंधळ्या चढावर मारायचा, डावीकडे वळायचं, आणि नंतर रस्ता पायाखालून निघून जातो. १३७ मीटर अंतरात १८ मीटर खाली, म्हणजे पाच-साडेपाच मजले, आणि उतरताना लगेच उजवं वळण. ‘त्या झाडाकडे बघ आणि विश्वास ठेव,’ बाई म्हणाल्या. पोटात तोच खड्डा पडला, जो जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना पडतो. चौथ्या-पाचव्या फेरीला मी झाडाकडे खरोखर बघितलं आणि गाडी आपली आपण त्या रेषेवर आली. तो क्षण मी विसरणार नाही.

तिसऱ्या पाळीत नाकाला वास आला. करपलेल्या रबरासारखा, पण त्याहून तिखट. दोन वळणांनंतर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, मऊ, ओल्या स्पंजसारखं. बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘वेग सोड, हात वर कर, पिटमध्ये चल.’

चूक आठवडाभर आधीची होती. ब्रेक फ्लुइड बदलायचं का, असं मी एका गॅरेजमध्ये विचारलं. त्यांनी वरवर बघून ‘चांगलं आहे’ सांगितलं आणि मी ऐकलं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं ताजं तेल किमान २३० अंशांना उकळतं; ओल धरलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५ वर येते. ताशी १५० किलोमीटरवरून साठवर यायला माझ्यासकट अकराशे किलोच्या गाडीला एका ब्रेकमध्ये जी उष्णता झटकावी लागते, तिच्यात जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला येईल. असं एकेका फेरीत अनेकदा. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, पण जोर चाकांपर्यंत पोचत नाही. काचा बंद करून बसले असते, तर तो वास मला कदाचित उशिरा आला असता.

पॅडॉकमध्ये गाडी गियरमध्ये ठेवून चाकांना लाकडाचे ठोकळे लावले. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, पॅड डिस्कला धरून बसतात. शेजारच्या तंबूतल्या एका अनोळखी माणसाने ताज्या तेलाची बाटली आणि पारदर्शक नळी आणून दिली. तासाभराने चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून आम्ही जुनं, चहासारखं तपकिरी झालेलं तेल बाहेर काढलं. टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासले. शेवटची पाळी मी निम्म्या वेगाने केली. रेषा नीट साधायला तोच वेग बरा होता.

भारतातले मित्र विचारतात, हे आपल्याकडे जमेल का? चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला कारी, ग्रेटर नोएडात २०११ पासून बुद्ध सर्किट. पुण्या-मुंबईतले हौशी दक्षिणेची वाट धरतात. स्वतःची साधी हॅचबॅक घेऊन गेलं तरी हेच धडे मिळतात. ब्रेक फ्लुइड मात्र डोळ्यांसमोर बदलून घ्यावं.

संध्याकाळी बाईंनी माझ्या वहीत चार ओळी लिहून दिल्या आणि सॅलिनासच्या शेतांमधून मी घरी निघाले, टप खालीच ठेवून. १०१ क्रमांकाच्या महामार्गावर गिलरॉय लागतं, तिथे लसणाचे कारखाने आहेत. गाव दिसायच्या आधीच गाडीत लसणाचा वास भरला, आईने खोबऱ्याची चटणी कुटायला घेतल्यासारखा.