एचआयव्हीची चाचणी : भीती कशाची, लाज कुणाला?

उमरखेड, महागाव, हदगाव या पट्ट्यातला आमचा तरुण पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो, ऊसतोडीला जातो, ट्रकवर जातो. वर्षभर बाहेर राहिल्यावर मनात एचआयव्हीची शंका आली, तर तो काय करतो? शासकीय रुग्णालयात तपासणी फुकट होते हे त्याने ऐकलेले असते. पण रांगेत गावचाच कुणी दिसेल, उद्या पारावर चर्चा होईल, बहिणीचे लग्न मोडेल, या धास्तीने तो जातच नाही. कुणी मग कुठून तरी तोंडाच्या चाचणीचे किट मिळवतो आणि एकच रेघ आली तरी त्या रेघेवर विश्वास ठेवावा की नाही, या काळजीत रात्र काढतो. कोर्टाचे काम आटोपल्यावर आवाज खाली करून हा प्रश्न विचारणारे लोक आम्हाला भेटत असतात. तेव्हा या विषयावर उघडपणे बोललेच पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. चाचणी तोंडातून होते, म्हणजे थुंकीतून एचआयव्ही पसरतो, असे मुळीच नाही. ही चाचणी विषाणू शोधतच नाही. विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती हिरड्यांतून पाझरणाऱ्या द्रवात उतरतात. त्यांचा शोध ही चाचणी घेते. एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्याल्याने एचआयव्ही होत नाही. थुंकीने जमीन विटाळते म्हणून ज्यांच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके अडकवले गेले, त्या समाजाने तरी एचआयव्हीबाधिताचा पेला वेगळा ठेवू नये!

आता ही चाचणी खरी किती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये 'ओराक्विक' या घरी करावयाच्या चाचणीला मान्यता दिली. सामान्य माणसाने स्वतःच्या हाताने चाचणी केली तेव्हा १०० बाधितांपैकी सुमारे ९२ सापडले, ८ निसटले. उलट, बाधा नसलेल्या ५,००० लोकांत एखाद्यालाच चुकून 'बाधित' असा निकाल आला. आता हिशेब करा. समजा १०,००० लोकांनी चाचणी केली आणि त्यांत ४० जण बाधित आहेत. चाचणी ३७ जणांना पकडेल, ३ जणांना सोडेल आणि निरोगी असलेल्या दोघांना उगाच बाधित ठरवेल. म्हणून दोन रेघा आल्या की लगेच आयुष्य संपले असे समजू नये. रक्ताच्या तपासणीने खात्री होईपर्यंत तो निकाल पक्का नव्हे. आपल्या शासकीय केंद्रांतही एकाच चाचणीवर कुणाला बाधित ठरवत नाहीत, वेगवेगळ्या तीन चाचण्या जुळल्यावरच निदान होते.

हे सारे परदेशातले, असे कुणी म्हणेल. तर आपल्याच विदर्भातले उदाहरण घ्या. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००६ च्या सुमारास डॉ. नितिका पंत पै व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाची हीच चाचणी खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांवर करून पाहिली. प्रशिक्षित हातांनी केलेली ती चाचणी रक्ताच्या तपासणीशी तंतोतंत जुळली. दहांपैकी आठांहून अधिक लोकांनी सुईपेक्षा तोंडाची चाचणी बरी, असे सांगितले. प्रसूतीच्या कळा सुरू असलेल्या बाराशेहून अधिक स्त्रियांनाही तिथे रात्री-अपरात्री ही चाचणी उपलब्ध करून दिली होती. खेड्यातली बाई चाचणीला घाबरते, हा शहरी लोकांचा समज त्या बायांनीच खोटा ठरवला.

चूक बहुधा घाईत होते. शंकास्पद संबंधानंतर तीन महिने झाल्याशिवाय तोंडाच्या चाचणीतील एका रेघेवर विसंबू नये, कारण प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. दहाव्या दिवशी दहा वेळा चाचणी केली तरी उत्तर मिळत नाही, फक्त काळजी वाढते. चाचणीआधी १५ मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. तोंडात खर्रा असेल तर थुंकून टाका आणि थांबा. वरची आणि खालची हिरडी एकेकदाच पुसावी. निकाल २० मिनिटांनंतर, पण ४० मिनिटांच्या आत वाचावा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच समजावी आणि केंद्रावर जावे. आणि संबंध होऊन ७२ तास उलटले नसतील तर किट शोधत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. संसर्ग रोखणारी औषधे त्या मुदतीतच सुरू करावी लागतात.

पण माणूस सुईला जेवढा भितो, त्याहून अधिक माणसांना भितो. ही भीती आकाशातून पडलेली नाही. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला केवळ एचआयव्हीबाधित म्हणून ६४ दिवस डांबून ठेवले होते. मुंबईत एका रोजंदारी कामगाराला याच कारणाने काम नाकारले गेले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने बजावले की, काम करण्यास सक्षम असलेल्याला केवळ एचआयव्हीमुळे रोजगार नाकारता येणार नाही. नाव गुप्त ठेवून त्याला लढता आले, हेही महत्त्वाचे.

आज तर कायदाच आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कलम ५ नुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय कुणाची चाचणी करता येत नाही, आणि चाचणीआधी व नंतर समुपदेशन आवश्यक आहे. कलम ३ नोकरी, शिक्षण, उपचार, घरभाडे यांतील भेदभावाला मनाई करते. कलम ८ गोपनीयतेचे रक्षण करते. किट घरात आले म्हणून नवऱ्याने बायकोच्या किंवा सासूने सुनेच्या तोंडात जबरदस्तीने पट्टी घालावी, असा परवाना कुणालाही मिळत नाही, हे आमच्या बंधूंनी नीट लक्षात घ्यावे.

लैंगिक प्रश्नांवर मोकळेपणाने लिहिले म्हणून र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला, तेव्हा १९३४ साली उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. मग आपल्या वस्तीत, आपल्या विहारात या विषयावर कुजबुज का? वंदनेनंतर अर्धा तास समुपदेशकाला बोलवा. युवक मंडळाने चार-पाच जणांना मिळून तपासणीला न्यावे. एकटा जाणारा नजरेत येतो, पाच जण गेले की ती साधी रक्ततपासणी होते.

एआरटीची औषधे २००४ पासून शासन मोफत देते. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आणि तसेच राहिले, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे निकाल कसाही असो, पुढे रस्ता आहे. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा, नाव सांगावे लागत नाही. जे दडवले जाते, तेच घरात पसरते. जे तपासले जाते, त्यावर उपचार होतो.