कासवाची टाकी : काचवाले व वेल्डिंगवाले बंधूंना नवे काम

शिरूर असो की दौंड, काचेच्या व फोटोफ्रेमच्या दुकानात माशांच्या पेटीची चौकशी करणारे गिऱ्हाईक आता नवे राहिलेले नाही. त्यातलेच काही जण कासवासाठी पेटी मागतात. बहुतेक दुकानदार त्यांच्या हाती माशांचीच दोन फुटी पेटी देतात, नाहीतर काचेचे गोल भांडे. गिऱ्हाईक खूष, दुकानदार खूष. पुढे काही महिन्यांत कासव डोळे सुजून मरते किंवा वाढलेले पाहून घरचे ते घोडनदीत नाहीतर भीमेत सोडून येतात. हे काम नीट समजून केले तर काच कापणारा, वेल्डर आणि वायरमन अशा तिघांना रोजी देणारे आहे, म्हणून आम्ही त्यावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम कायद्याचे. आपल्या नद्यांतले एकही कासव घरी ठेवता येत नाही व विकता येत नाही. भीमेच्या खोऱ्यात मऊ पाठीची कासवे आहेत. त्यांतल्या एका जातीचे वर्णन ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली पुण्याकडच्या नमुन्यावरूनच केले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ही कासवे पहिल्या अनुसूचीत आहेत. गुन्हा शाबीत झाल्यास तीन ते सात वर्षांची कैद आणि वर दंड. कोळ्याच्या जाळ्यात आलेले पिल्लू कोणी दुकानात आणून "याच्यासाठी पेटी द्या" म्हणाला, तर काम घेऊ नये. वनखात्याच्या कार्यालयाचा रस्ता दाखवावा. 'घरात कासव असले की भरभराट होते' असे म्हणणारेही येतात. त्यांच्याशी वाद घालण्याचे आपल्याला कारण नाही, परंतु त्यांनाही कायदा तोच आहे.

बाजारात जे विकले जाते ते परदेशी, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकन कासव. जनावरे विकण्याचा विचार असेल त्यांनी २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांचे नियम पाहून व वनखात्याला विचारूनच पाऊल टाकावे. आमचा सल्ला असा की त्या भानगडीत पडू नये, टाकीच बनवावी. हे कासव विकताना रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे असते. मादी वाढून दहा-बारा इंचांची होते आणि वीस-तीस वर्षे जगते. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगितलीच पाहिजे. ऐब लपवून माल विकू नये हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नदीत सोडलेली ही कासवे तिथल्या कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावतात. युरोपने १९९७ मध्ये त्यांची आयात बंद केली ती याच कारणाने.

आता माप. पाठीच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटरची टाकी असा हिशोब धरतात. म्हणजे मोठ्या कासवाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी हवी. पाणी सोळा इंचांपर्यंतच भरायचे, वरचे आठ इंच मोकळे, नाहीतर कासव चढून बाहेर पडते. इतक्या पाण्याचे वजन तीनशे किलो होते. काच बारा मिलिमीटरची घेतली तर तिचे जवळजवळ नव्वद. एकूण चारशे किलो धरूनच स्टँड करावा : दीड इंची अँगल, चार नव्हे सहा पाय, आणि काचेखाली थर्माकोलचा थर. स्टँड एका कोपऱ्यात सूतभर जरी उंच राहिला तरी ताण काचेवर येतो, म्हणून पाणसळ लावल्याशिवाय टाकी ठेवू नये.

कापताना चूक होते ती बाजूच्या काचांत. तळ ४८ बाय २४ इंच. पुढची व मागची काच तळावर उभी राहते, लांबी ४८ इंचच. बाजूच्या काचा मात्र या दोघींच्या मध्ये बसतात, म्हणून त्यांच्या रुंदीतून दोन काचांची जाडी आणि सिलिकॉनसाठी दोन मिलिमीटर वजा करावे. बारा मिलिमीटर काचेला ही रुंदी ५८४ मिलिमीटर येते. एकूण काच ३२ चौरस फूट, वर लांब बाजूंना लावायच्या तीन इंची पट्ट्या वेगळ्या. त्या पट्ट्या वाचवू नयेत. पाण्याच्या दाबाने मधोमध फुगणारी काच त्याच धरून ठेवतात. फ्रेमिंगची चार मिलिमीटर काच इथे अजिबात चालणार नाही. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले घ्यावे, बाथरूमचे नको. सांध्याला शिरक्यासारखा वास येतो तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे. मग दुकानातच पाणी भरून तीन-चार दिवस टाकी तशीच ठेवावी. गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात फुटलेल्या टाकीची भरपाई चार टाक्यांचा नफा खाऊन जाते.

मासा आणि कासव यांत मोठा फरक असा की कासवाला पूर्ण कोरडे होऊन बसायला जागा लागते. एका टोकाला काचेचा फळा आणि त्यावर चढायला उतार करावा, उतारावर सिलिकॉनने जाडी वाळू घट्ट चिकटवावी म्हणजे पाय घसरत नाहीत. त्या जागेवर बल्बची ऊब ३२ ते ३५ अंश असावी. शिवाय अतिनील किरणांची खास ट्यूब लागते. ती नसेल तर पाठ मऊ पडते. खिडकीतून ऊन येते असे गिऱ्हाईक म्हणेल, पण साध्या काचेतून हे किरण जवळपास येतच नाहीत. ट्यूब पेटत राहिली तरी वर्षभरात किरण मंदावतात, म्हणून दरसाल बदलावी लागते. (दुकानदारासाठी हे दरसालचे गिऱ्हाईक.) ज्याला ट्यूब परवडत नाही त्याने सकाळच्या कोवळ्या उन्हात कासवाला टबात ठेवावे, अर्ध्या टबावर सावली हवीच. काचेची टाकी मात्र उन्हात ठेवू नये. दौंडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतले पाणी जनावर शिजवील इतके तापते. पाणी २४ ते २८ अंश ठीक. थंडीत हीटर लागतो, पण त्यावर जाळी हवी, कासव काच फोडते.

कासवाची घाण माशाच्या कितीतरी पट असते. टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी तासाला फिरवणारा फिल्टर द्यावा आणि आठवड्याला पाव ते तृतीयांश पाणी बदलायला सांगावे. नळाचे पाणी दिवसभर उघडे ठेवून वापरावे. तळाशी बारीक खडे नकोत, कासव गिळते. पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये आणि हात साबणाने धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात. लहान मुलांना होणाऱ्या आजारामुळे अमेरिकेने १९७५ पासून चार इंचांखालच्या कासवांची विक्रीच बंद केली.

भांड्यात कासव घालून मागणाऱ्याला आम्ही तर नकारच द्यावा म्हणू. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे.

दर सांगताना काच चौरस फुटावर, कापताना वाया जाणारी धरून, स्टँड वजनावर व वायरिंग वेगळे असे तीन आकडे लिहून द्यावेत, म्हणजे घासाघीस कुठे करायची ते गिऱ्हाइकाला कळते. अर्थिंग आणि गळतीला बंद पडणारा स्विच यांत मात्र घासाघीस नको. आणि टाकीकडे येणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळातून खाली टपकते, प्लगमध्ये जात नाही.