पांघरुणाखालचे पाय
लेखांक ७ : हृदय आणि हातापायांतला रक्तप्रवाह

छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडमधून मॉनिटरवर हृदयाची विद्युत हालचाल दिसते. ती रेघ सुरळीत चाललेली पाहिली की नातेवाईक निर्धास्त होतात आणि गर्दीच्या वॉर्डात आपणही होतो. पण हृदयाने ढकललेले रक्त उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचले का, हे मॉनिटरला कळत नाही. त्यासाठी पांघरूण वर करावे लागते. मागच्या आठवड्यात आपण छाती तपासली. आज मनगटापासून पावलापर्यंत जाऊ.

मनगटावरची नाडी सगळ्यांनाच पाहता येते, म्हणून तिथे घाईही सर्वांत जास्त होते. १५ सेकंद मोजून चारने गुणले की आकडा मिळतो, पण ठोके नियमित असतील तरच तो खरा. एखादा ठोका गळतो आहे, मध्येच दोन लगोलग येत आहेत, असे बोटांना जाणवले की पूर्ण ६० सेकंद मोजायचे. मग एकीने स्टेथोस्कोप लावून छातीवरचे ठोके मोजायचे आणि दुसरीने त्याच घड्याळावर, त्याच मिनिटात मनगटावरचे. समजा छातीवर ११० भरले आणि मनगटावर ८८. याचा अर्थ २२ ठोक्यांना मनगटापर्यंत लाट पोचवण्याइतका जोरच नव्हता. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये असा फरक नेहमी सापडतो. त्याच आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळते, गुठळी होते आणि ती सुटली तर मेंदूत किंवा पायाच्या रोहिणीत जाऊन अडकते. म्हणून ज्याची नाडी अनियमित आहे, त्याचे पाय दर पाळीत पाहायचेच.

पावलावरची नाडी शोधायला सवय लागते. रुग्णाला अंगठा वर उचलायला सांगा. पावलाच्या वरच्या बाजूला अंगठ्याकडे जाणारी दोरीसारखी कंडरा ताठ उभी राहते. तिच्या लगेच बाहेरच्या बाजूला, पावलाच्या साधारण मध्यावर, पहिल्या तीन बोटांची टोके हलकेच टेकवा आणि रुग्णाला पाय सैल सोडू द्या. इथे नवशिक्या हाताचा हमखास गोंधळ होतो : नाडी लागत नाही म्हणून तो आणखी दाबतो आणि दाबल्यामुळेच ती बुजते. स्वतःचा अंगठा तर वापरूच नये, त्याची स्वतःची नाडी रुग्णाची म्हणून मोजली जाते. पावलावर नाडी लागलीच नाही तर घाबरू नका, काही निरोगी माणसांतही ती लागत नाही. आतल्या घोट्याच्या मागे, किंचित खाली बोटे न्या. तिथली तपासा, मग गुडघ्यामागची, मग जांघेतली. सापडली की त्या जागी पेनाने छोटी फुली मारून ठेवा. मांडीतून अँजिओग्राफी झालेल्या रुग्णात ही फुली फार कामाला येते, कारण पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी तीच जागा पुन्हा शोधायची असते आणि मध्येच ड्यूटी बदलली तर पुढचीला ती आयती मिळते.

नेहमी दोन्ही पाय एकत्र पाहायचे. दोन्ही गार असतील तर एसी, भीती किंवा एकूणच कमी पडलेला रक्तदाब अशी कारणे असू शकतात. एकच गार असेल तर दोष त्या पायाच्या रोहिणीत शोधायचा. हाताची मागची बाजू नडगीवरून खाली पावलापर्यंत फिरवा, ऊब कुठे संपते ते कळते. नख पांढरे होईपर्यंत दाबून सोडा, रंग साधारण दोन सेकंदांत परतला पाहिजे. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोटाचे टोक दाबा. पुस्तकात लिहिलेला निळसरपणा सावळ्या कातडीवर दिसेलच असे नाही. तो तळवा, ओठाची आतली बाजू आणि खालच्या पापणीच्या आत शोधावा.

मधुमेहाच्या रुग्णाबाबत मला जरा आग्रहाने बोलायचे आहे. ‘थोडे चालले की पोटऱ्या भरून येतात, उभे राहिले की बरे वाटते’ असे आजोबा सांगतात आणि घरचे ते वयावर ढकलतात. ते वय नव्हे, रोहिणी अरुंद झाल्याची ती तक्रार असू शकते. घोट्यापाशी मोजलेल्या वरच्या बीपीला दंडाच्या वरच्या बीपीने भागले आणि उत्तर ०.९ पेक्षा कमी आले, तर पायाला रक्त कमी पडते आहे. मात्र मधुमेहात रोहिण्या कडक होतात, त्यामुळे १.४ च्या वरचे उत्तर म्हणजे उत्तम प्रकृती असे समजू नये. अशा गार पायाला मायेने गरम पाण्याची पिशवी लावली जाते. संवेदना गेलेली असल्याने भाजलेले कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. सुती मोजे घाला, पांघरूण द्या, पण पिशवी नको.

सुजेची गोष्ट वेगळी. नडगीच्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून उचलल्यावर खड्डा राहतो का पाहा. हृदय थकले असेल तर सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. सतत झोपून असलेल्या रुग्णात पाय कोरडे दिसतात आणि पाणी कमरेखाली, माकडहाडाच्या भागात साठते, तिथे बोट लावायला विसरू नका. जोडवी रुतू लागण्याआधी काढून घ्या. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर शिरेतल्या गुठळीचा संशय घ्यायचा. अशा वेळी शेजारी बसलेली बहीण किंवा सून तेल लावून पाय चेपू लागते. तिला हळुवारपणे, पण लगेच थांबवायचे. चेपल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, एवढे सांगितले तरी तिला पटते.

चार्टवर ‘पाय ठीक’ असे लिहू नये. उजवा, डावा, वेळ आणि नाडी लागते, मंद लागते की लागत नाही, एवढे लिहा. हँडओव्हर देताना दोघींनी मिळून पांघरूण वर करून तीच जागा चाचपावी. दोन मिनिटेही लागत नाहीत.

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना एक विनंती. एखादा पाय अचानक दुखू लागला, पांढरा आणि गार पडला, मुंग्या आल्या, बोटे हलेनाशी झाली, तर सकाळची वाट पाहू नका, चोळत बसू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. रोहिणी पूर्ण बंद झाली तर साधारण सहा तासांनंतर पाय वाचण्याची शक्यता झपाट्याने कमी होते.