मत्स्यपेटीत मासे किती मावतात?

काचेच्या पेटीत किती मासे ठेवावेत, हा प्रश्न वरवर पाहता फार सोपा वाटतो. पेटी मोठी असेल तर मासे जास्त, लहान असेल तर कमी! डब्यात लाडू किती मावतील हे आपण असेच ठरवतो. परंतु लाडू श्वास घेत नाहीत. मासा मात्र पाण्यातून प्राणवायू घेतो आणि त्याच पाण्यात मलद्रव्ये सोडतो. म्हणून किती मासे मावतील यापेक्षा किती जगतील, हे आधी विचारले पाहिजे. नवशिक्यांच्या हातून पेटीत मासे सोडताना ज्या चुका होतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हाच विसर असतो.

प्राणवायू येतो कोठून?

पाण्यात प्राणवायू फार थोडा विरघळतो, आणि पाणी तापले की त्याहूनही कमी. पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर आहे. येथील हवेचा दाब लक्षात घेतला, तर २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेआठ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३० अंशांवर गेले की हा आकडा सातवर येतो. येथील एक लिटर हवेत मात्र सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. म्हणजे आपल्या तुलनेत माशाला पस्तीसपट विरळ प्राणवायूवर दिवस काढावे लागतात. त्यातच उन्हाळ्यात त्याचा श्वसनाचा वेग वाढतो, म्हणजे आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो!

हा प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून. म्हणून पेटीत पाणी किती आहे याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक, महत्त्व पाण्याचा पृष्ठभाग किती आहे याला असते. एक उदाहरण घेऊ. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवतात तसे ३० सें.मी. व्यासाचे गोल काचपात्र घ्या. ते अर्धे भरले तर पृष्ठभागाची त्रिज्या १५ सें.मी. आणि क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौ. सें.मी. येते. आता ते १२ सें.मी. व्यासाच्या तोंडापर्यंत काठोकाठ भरा. क्षेत्रफळ उरते केवळ ११३ चौ. सें.मी.! पाणी जवळजवळ दुप्पट झाले, पण हवेकडे उघडणारे दार सहापट लहान झाले. पात्र काठोकाठ भरणे ही नवशिक्याची पहिली चूक. अशा पात्रात गोल्डफिश ठेवणे ही तर त्याहून मोठी चूक, कारण हा मासा पुढे १५ ते २० सें.मी. वाढतो.

पृष्ठभागाशी आलेला प्राणवायू तळापर्यंत कसा पोहोचतो? पाणी अगदी निश्चल असेल आणि केवळ रेणूंच्या विसरणावर भिस्त ठेवली, तर ३० सें.मी. खोल जाण्यास त्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लागेल! म्हणून पाणी ढवळले गेले पाहिजे. हवेच्या पंपाचे खरे काम हेच. बुडबुड्यांतील हवा विरघळते ती थोडीच. पण वर चढताना ते तळाचे पाणी आपल्याबरोबर वर आणतात आणि पृष्ठभाग हलता ठेवतात.

परंतु पंप विजेवर चालतो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. तेव्हा पंप बंद असतानाही तग धरतील इतकेच मासे ठेवणे शहाणपणाचे. त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे: उष्ण प्रदेशातील लहान माशांसाठी, माशाच्या दर सेंटीमीटर लांबीमागे ३० चौ. सें.मी. पृष्ठभाग धरावा. ६० × ३० सें.मी. पेटीचा पृष्ठभाग १,८०० चौ. सें.मी.; म्हणजे एकूण लांबी ६० सें.मी., अर्थात ३ सें.मी.चे वीस मासे. नवशिक्याने यांच्या निम्म्यावर थांबावे.

लांबी दुप्पट, वजन आठपट

ठोकताळा डोळे मिटून वापरू नये. वीस लहान मासे चालतात, मग ६० सें.मी.चा एक मासा चालेल का? साध्या गणितानेच उत्तर मिळते. आकार तोच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन २ × २ × २ म्हणजे आठपट होते. ३ सें.मी.चे आठ मासे आणि २४ सें.मी.चा एक मासा यांची एकूण लांबी सारखीच. पण त्या एका माशाचे वजन आठांच्या मिळून वजनाच्या ६४ पट! प्राणवायूची गरज वजनाइतक्या वेगाने वाढत नाही हे खरे, तरीही ती पंधरा ते वीसपट होते. म्हणून दुकानात दिसणारी लांबी न धरता पूर्ण वाढीची लांबी विचारावी. काच साफ करतो म्हणून घेतलेला बोटभर 'सकर' मासा पुढे हातभर वाढतो. गप्पीची गोष्ट वेगळी: तो लहानच राहतो, पण मादी साधारण महिन्याला डझनावारी पिले देते. फक्त नर ठेवले तर हा प्रश्न उद्भवत नाही.

नव्या पेटीतील दुसरा आठवडा

पेटी आणि मासे एकाच दिवशी घरी येतात. पाणी आरशासारखे स्वच्छ असते. मग आठवड्या-दोन आठवड्यांत मासे का मरू लागतात?

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विषारी असतो. पाणी जितके उष्ण आणि अल्कधर्मी, तितका अधिक घातक. जुन्या पेटीत एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे पुष्कळच निरुपद्रवी असते. हे जिवाणू वाळूच्या कणांवर आणि गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला तीन-चार काटक मासेच सोडावेत. अन्न बेताने द्यावे आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलावे. महिन्याभराने आणखी मासे आणावेत.

अन्न बेताने म्हणजे किती? समजा ४० टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम अन्न पेटीत तसेच पडून कुजले. त्यात ०.४ ग्रॅम प्रथिने. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ६४ मिलिग्रॅम. त्यापासून सुमारे ७८ मिलिग्रॅम अमोनिया बनेल. ४० लिटर पाण्यात ही मात्रा लिटरला जवळजवळ दोन मिलिग्रॅम होते, आणि कोवळ्या पेटीत एवढा अमोनिया माशांच्या जिवावर बेतू शकतो. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न द्यावे.

मासे मेले की घरातील मंडळी पेटी रिकामी करून वाळू नळाखाली खळखळून धुतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंची उरलीसुरली वस्तीही मारतो, आणि सारे दुष्टचक्र पुन्हा सुरू होते. खरे तर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. स्पंज धुवायचा तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच.

आपले पाणी ओळखा

पवना धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. आपल्याला पोटाच्या विकारांपासून वाचवणारा त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी एक दिवस उघडे ठेवले की तो उडून जातो. नोव्हेंबर २०१९ मध्ये महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केल्यापासून पाणी साठवण्याची सवय अनेक घरांना लागली. मत्स्यपेटीला ती उपयोगीच पडते. चाकणकडे काही घरी विंधन विहिरीचे पाणी असते. काळ्या पाषाणातून झिरपलेले हे पाणी बहुधा दुष्फेन असते. साबणाला फेस येत नाही तेच. ते गप्पी व मॉलीला मानवते. ॲमेझॉनच्या मृदू पाण्यातील निऑन टेट्राला ते मानवत नाही. पाण्याप्रमाणे मासा निवडावा.

पेटीबाहेरची चूक

मासे वाढले, पेटी अपुरी पडली, म्हणून दया येऊन ते नदीत सोडणे ही शेवटची आणि सर्वांत दूरवर पोहोचणारी चूक. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुढे मुठेसह भीमेत जाते. इंद्रायणी आणि भामाही भीमेलाच मिळतात, आणि भीमा उजनी जलाशयात शिरते. मूळचा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. तो खपत नाही, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या अन्नात तो वाटेकरी होतो. नको झालेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावा. ओढ्यात, तळ्यात, नदीत कधीही सोडू नये.

शाळेत मत्स्यपेटी असेल तर एक निरीक्षण करून पाहा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी पाण्याचे तापमान मोजा, आणि एकाच माशाचे कल्ले मिनिटात किती वेळा उघडतात ते मोजून वहीत लिहा. महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढा. तापमान वाढले की कल्ल्यांची गती वाढते का? मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले, तर पेटीत ते जास्त झाले, असे समजावे. तेव्हा पंप वाढवण्याआधी मासे कमी करा.