मुदगडचा मल्ल, पुण्याचा वस्ताद

तालीम हा शब्द मूळचा आम्हां गाणाऱ्यांचा की पैलवानांचा, यावर आमच्या कोल्हापुरात अजूनही वाद घालता येईल. आमचे वडील दरबारचे गवई. 'तालीम घेतली' असे ते म्हणत, तेव्हा गंडा बांधून गुरूपुढे बसणे एवढाच त्यांचा अर्थ असे; गल्लीच्या तोंडाशी मात्र त्याच शब्दाला लाल मातीचा वास येई. उस्तादाचाच वस्ताद झाला, हे तर उघडच आहे. ज्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना पदरी ठेवले, त्यांनीच खासबागेचे मैदान बांधले आणि १९१२ साली ते कुस्तीला खुले केले. तेव्हा एखाद्या गाण्याच्या मास्तराने एका वस्तादाविषयी चार शब्द लिहिले, तर वाचकांनी ते वावगे मानू नये.

हे वस्ताद म्हणजे कै. हरिश्चंद्र बिराजदार. शिष्यांचे 'मामा'. गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा, जिल्हा लातूर. पण हा पत्ता आजचा. मध्यंतरी भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीस एका भजनी मंडळाला पेटीचे धडे देण्यासाठी जाण्याचा योग आला. रात्री भजन संपल्यावर गोष्टी निघाल्या त्या कुस्तीच्या. तिथली मंडळी मराठीत सुरुवात करतात, कानडीत रागावतात आणि पुन्हा मराठीत हसतात. एक वृद्ध गृहस्थ मला ठासून सांगू लागले की, मास्तर, तुम्ही त्यांना लातूरचे म्हणता. पण १९५६ पूर्वी निलंगा आमच्याच बिदर जिल्ह्यात होता, म्हणजे हरिश्चंद्र जन्मला तो आमचाच! इतिहास त्यांच्या बाजूने आहे. त्या वर्षी प्रांतरचना झाली आणि निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदरपासून तुटले. भालकी अलीकडे राहिली. मातीला आणि जत्रेला ही रेघ कोणी समजावून सांगितली नाही, इतकेच.

मानाच्या पदव्या थोडक्यात सांगून टाकतो. १९६९ साली लातूरच्या अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७२ साली रुस्तुम-ए-हिंद. पण जुन्या शौकिनांना विचाराल तर ते एकच साल सांगतील, १९७७. त्या साली बेळगावच्या मैदानात दिल्लीचा सतपाल, गुरु हनुमानांचा पट्टा, बिराजदारांपुढे उभा राहिला आणि हरला. हाच सतपाल पुढे १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, यावरून त्या विजयाचे वजन कळावे.

मला स्वतःला त्या कुस्तीपेक्षा तिच्यानंतरचे आयुष्य मोठे वाटते. दोघेही वस्ताद झाले. सतपालांच्या हाताखाली सुशीलकुमार घडला. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकल्यावर ऑलिंपिकमधले कुस्तीचे दुसरे पदक देशाला मिळाले ते थेट २००८ साली, या सुशीलमुळे. इकडे मामांनी पुण्यात गोकुळ वस्ताद तालीम धरली. पैलवानाचे वय पस्तिशीत उतरते; गवयाचे तेव्हा कुठे चढू लागते. म्हणूनच मल्लाला शिकवण्याचा मार्ग फार लवकर धरावा लागतो, आणि ज्या अंगाने टाळ्या घेतल्या ते अंग बाजूला ठेवून दुसऱ्याच्या अंगाकडे पाहायला शिकावे लागते. हे सगळ्यांना साधत नाही. आमच्यात तर फारच थोड्यांना साधते!

त्यातून काळही बदललेला. मातीत पाठ टेकली की निकाल. पाऊण तास खडाखडी चालली तरी लोक बसून राहतात. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशेब. विलंबित ख्यालाच्या गवयाला तीन मिनिटांच्या तबकडीत गायला सांगावे, तसा हा प्रकार. डाव तेच, पट आणि भारंदाज. पण दम वेगळा मोजायचा.

पाटोद्याचा राहुल आवारे हा मामांचा लाडका शिष्य. २०११ साली मामा गेले आणि तो पोरका झाला. पुढे काका पवार यांनी त्याला आपल्याकडे घेतले. तेही लातूर जिल्ह्याचेच. गुरू गेल्यावर दुसऱ्याकडे बसणे किती जड जाते, हे गाणाऱ्याला सांगायला नको. आधीच्या गुरूने लावलेले वळण मोडायचे नाही आणि नव्याचे ऐकायचे, या दोन्हींत अनेकांचा आवाज हरवतो. राहुलचा हरवला नाही. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला त्याच्या वजनात दुसऱ्याची निवड झाली, तेही त्याने पचवले. १२ एप्रिल २०१८ रोजी ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेत, ५७ किलो गटात, त्याने कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असे हरवून सुवर्णपदक घेतले आणि ते मामांना अर्पण केले. पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. मामांना जाऊन तेव्हा आठ वर्षे होत आली होती.

जानेवारी २०२० मध्ये पुण्यात बालेवाडीस महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. एका बाजूला नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके, आणि दोघेही काका पवारांच्याच तालमीतले. एकमेकांचा प्रत्येक डाव ठाऊक असलेले. सदगीर ३-२ असा जिंकला. मग त्याने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि तसेच मैदानात फिरवले.