निर्जीवांचे मनोगत

खंडेनवमीच्या दिवशी आपल्याकडे विळ्या-कोयत्यापासून शिवणयंत्रापर्यंत साऱ्या हत्यारांना गंध-फूल वाहण्याची रीत आहे. त्या दिवशी हत्यार वापरावयाचे नाही, त्याला विसावा द्यावयाचा, असे कित्येक घरांत पाळतात. लोखंडाला विसावा कसला, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. जे आपल्याबरोबर राबते त्यालाही मन असावे, असे माणसास सहजच वाटते. अचेतन वस्तूवर सचेतनाच्या गुणांचा आरोप करणे, यास आपण चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतो. ही व्याख्या मी पस्तीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली. परंतु दहा-वीस ओळींच्या कल्पितकथेत हा अलंकार कसा योजावा, हे मला एका विद्यार्थ्यामुळे, आणि तेही फार उशिरा उमगले. तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

शाळेत 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' हा निबंध ठरलेला. या छत्र्या बहुधा एकाच तऱ्हेने बोलतात. दुकानातला जन्म, मालकाची हौस, पहिला पाऊस, मग अडगळीची खोली आणि अखेर मानवाच्या कृतघ्नतेवर प्रवचन! छत्रीच्या जागी जोडा अथवा खुर्ची घातली तरी मजकूर बदलत नाही. कारण ती छत्री नसतेच. छत्रीचे सोंग घेतलेला तो एक कुरकुरणारा म्हातारा असतो.

पंचतंत्रातला कोल्हा किंवा इसापाचा लांडगा हाही वस्तुतः माणूसच. पण तेथे नीती शिकवावयाची असल्याने ते शोभते. वि. स. खांडेकर यांनी मराठीत रुजविलेल्या रूपककथेचा रोखही माणसाच्याच जीवनाकडे असतो. न घडलेल्या जगाची कल्पना करणारी अतिलघुकथा याहून निराळी. ती उपदेश करीत नाही; 'असे झाले तर?' एवढेच विचारते. तेथे वस्तू वस्तूच राहिली पाहिजे आणि तरीही तिला मन असले पाहिजे.

हे कसे साधावे? याचा उत्तम धडा कथेत नव्हे, तर आपल्या खानदेशच्याच एका कवितेत आहे. धरणगावी १८९० साली जन्मलेल्या बालकवींची 'औदुंबर' ही कविता अवघ्या आठ ओळींची. तीत औदुंबराला त्यांनी माणसाची केवळ बैठक दिली. तो पाण्यात पाय सोडून बसला आहे. तो बोलत नाही, रडत नाही. काठावरच्या झाडाची मुळे पाण्याकडे जातात, हा त्याचा स्वभाव. त्या स्वभावातूनच हा एक मानवी गुण उगवला. म्हणून तो झाडाला उपरा वाटत नाही.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी धुळ्याच्या बाजूस एका खेड्यात शिकवीत होतो. वार्षिक परीक्षेत निबंधाला विषय दिला होता, 'शंभर वर्षांनंतर आमच्या गावची विहीर'. बहुतेकांच्या विहिरींनी पाणी वाचविण्याचा उपदेश केला. एका मुलाने मात्र आठ-दहा ओळींतच निबंध आटोपला. त्याच्या विहिरीला फक्त मोजता येत होते. पूर्वी दिवसाकाठी दोनशे पोहरे येत. मग वीस येऊ लागले, मग दोन. आता एकही येत नाही. त्यावरून तिने अनुमान काढले की, माणसांची तहान कायमची भागली असावी. आणि तिला फार समाधान वाटले. एवढेच.

मी दहापैकी चार गुण दिले आणि समासात शेरा मारला, 'विस्तार नाही, तात्पर्य नाही.' जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो मुलगा आला नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे बिऱ्हाड कामासाठी सुरतेस गेले, असे हजेरीपटावरून नाव कमी करताना समजले. तेव्हाही मला त्या विहिरीची आठवण झाली नाही.

निवृत्तीनंतर रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५० सालची एक कथा वाचनात आली. तीत एक स्वयंचलित घर आहे. अणुस्फोटात घरची माणसे नाहीशी झाली आहेत; त्यांच्या आकृती तेवढ्या जळक्या भिंतीवर उरल्या आहेत. तरी घर वेळेवर न्याहारी सिद्ध करते, तारीख सांगते, फरशी झाडते. कर्तव्यदक्षता हा एकच मानवी गुण लेखकाने त्याला दिला. माणसे नाहीत हे घराला कळत नाही, वाचकाला कळते. वाचता वाचता मला ती विहीर आठवली आणि माझी मान खाली गेली.

विहिरीला गावातले काहीच दिसत नाही. तिच्यात जे पडते तेवढेच तिला ठाऊक. म्हणून मोजणे हा गुण तिला साजतो. तिचे अनुमान चुकीचे आहे आणि ते चुकीचे आहे हे आपणांस ठाऊक आहे. सारे दुःख या अंतरात आहे. विहीर स्वतःच रडली असती तर वाचकाला करण्यासारखे काही उरले नसते. तात्पर्य मुलाने विसरून गाळले नव्हते; ते लिहिताच कथा मोडली असती. आणि विस्तार? पाच पाने विहीर मोजीत राहिली तर वाचक कंटाळतो, आणि लेखक तिला हळूहळू माणूस बनवू लागतो. थोडकेपणा हा येथे दोष नव्हे, गरज आहे.

आपल्या घरी मुले असतील तर हा खेळ अवश्य करून पाहावा. माजघरातले जुने घड्याळ घ्या, नाही तर जाते. आपल्या बोलीत त्याला घरोट म्हणतात, आणि बहिणाबाई चौधरींनी त्याला हाक मारून कविता रचली आहे. आधी विचारा, याचे काम काय? याला काय जाणवते आणि काय जाणवूच शकत नाही? त्या कामातून निघणारा एकच मानवी गुण त्याला द्या. मग जगात एकच बदल कल्पा आणि दहा ओळींत थांबा.

मुलाने तात्पर्य लिहिले नाही तर शेरा मारण्यापूर्वी, हे त्याला कोठून सुचले, एवढे मात्र त्याला जवळ बसवून विचारा. मी विचारले नाही. तो मुलगा आज तिशी ओलांडून गेला असेल. त्याची उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली. त्याच्या ओळी मी आठवतील तशा आपणांस सांगितल्या. एवढे बोलून आपली रजा घेतो.